एक चौरस मीटर रान
(शिक्षक-मेळाव्यातील भाषण)



तीसेक वर्षांपूर्वी, फाल्गुन महिन्यात, मी माझ्या वर्गास अजिंठ्याच्या डोंगररांगेतील एका रानात नेले होते. पर्णहीन सालईकडे बोट दाखवून मी ‘हे वाळलेले झाड’ असे सांगितले आणि मुलांनी ते निमूटपणे वहीत उतरविले. एका गुराख्याचा मुलगा मात्र संकोचत म्हणाला, “गुरुजी, थे वायलं नाही. नखानं खरोडून पाहा.” साल खरवडली, तो आत हिरवेगार! त्या दिवशी खरा विद्यार्थी मीच ठरलो.

आपल्या जिल्ह्यातील वने पानगळीची आहेत. साग, सालई, धावडा, पळस हे वृक्ष कोरड्या दिवसांत पाने टाकतात. कारण पानांवाटे उडून जाणारे पाणी त्यांना वाचवावयाचे असते. ही तजवीज आहे, मरण नव्हे.

म्हणून माझी सूचना अशी की, वृक्षांच्या नावांची यादी करविणारी एकच सहल काढू नये. गावाशेजारच्या रानाच्या कडेस सुतळीने एक मीटर लांबीरुंदीचा चौकोन आखावा आणि श्रावण, मार्गशीर्ष व फाल्गुन अशा तीन वेळी त्याच जागी जावे. रोपे किती, पाने कोणकोणती, वाळवी व मुंग्या काय वाहून नेतात, हे मुलांनी मोजावे, चितारावे. जवळच्या उघड्या जमिनीवर दुसरा चौकोन आखून दोहोंतील माती हाती घेऊन पाहावी. पाचोळ्याखाली ओल का टिकते, हा प्रश्न मुलेच विचारतील. उत्तराची घाई आपण करू नये. झाडाचे नावही आधी मुलांनाच विचारावे.

मुलांना वाघाचे कुतूहल असतेच. यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यात जन्मलेला, रेडिओ कॉलर लावलेला एक तरुण वाघ तेलंगणातूनही फिरून डिसेंबर २०१९ मध्ये आपल्या ज्ञानगंगा अभयारण्यात आला. तेथे त्यास नीलगाय, रानडुक्कर असे भक्ष्य मिळाले. नीलगाईस चारा हवा, चाऱ्यास माती हवी, आणि त्या मातीस कस देतो तो हाच पाचोळा. वाघाची कथा आपल्या चौकोनापासूनच सांगावी.

सावधगिरी अवश्य बाळगावी. अभयारण्यात वनविभागाच्या परवानगीवाचून जाऊ नये. तेथे अस्वलांचा वावर आहे. दगडाखाली हात घालू नये, काही तोडू नये.

मोहफुले वेचणे सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटविण्याची रीत आहे; ती आग पुष्कळदा रानभर पसरते. त्यात काय जळते, हे ज्या मुलाने चौकोनातील जीव मोजले आहेत त्यास सांगावे लागणार नाही. तोच ते घरी सांगेल.

येत्या श्रावणात प्रत्येक शाळेने एक तरी चौकोन आखावा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.