दूरच्या घरावर नजर : अल्प खर्चातील कॅमेऱ्याची निवड



गोदावरीतीरावरील पुणतांबा हे गाव चांगदेव महाराजांच्या समाधीमुळे सर्वांना परिचित आहे. दौंड-मनमाड लोहमार्गावरील हे जंक्शन असून शिर्डीचा फाटा येथूनच निघतो. २०१७ च्या जून महिन्यातील शेतकरी संपाची ठिणगीही याच गावी पडली. शिक्षणासाठी व नोकरीसाठी तरुण मंडळी पुण्या-मुंबईकडे जातात. मागे वस्तीवर वृद्ध आईवडील, गोठ्यातील जनावरे आणि चाळीतील कांदा राहतो. अशा कुटुंबांना मोबाइल फोनवर घर दाखविणारा कॅमेरा उपयुक्त ठरतो. मात्र तो जाहिरात पाहून नव्हे, गरज पाहून घ्यावयास हवा.

प्रथम विचार करावा तो जागेचा. घराच्या आत साधा कॅमेरा चालतो. अंगणात व गोठ्यात पाऊस आणि धूळ सोसणारा, आयपी ६६ दर्जाचा लागतो. १९२० गुणिले १०८०, म्हणजे सुमारे वीस लाख बिंदूंचे चित्र घरगुती कामास पुरेसे असते. रात्रीच्या अंधारात अवरक्त दिव्यांच्या साहाय्याने कृष्णधवल चित्र मिळते. परंतु भिंगापुढे कोळिष्टक झाले की तेच चित्र पांढरे पडते. तेव्हा भिंग नियमित पुसणे अगत्याचे आहे.

दुसरा प्रश्न इंटरनेटचा. सेकंदाला एक मेगाबिट या वेगाने चित्रण अखंड बाहेर पाठविल्यास तासाला सुमारे ४५० एमबी आणि दिवसाला जवळजवळ ११ जीबी खर्ची पडतात. रोजच्या दीड-दोन जीबीच्या योजनेत हे बसणारे नाही. म्हणून चित्रण कॅमेऱ्यातील मेमरी कार्डावर साठवावे आणि हालचाल झाली तरच फोनवर सूचना यावी, अशी व्यवस्था करावी. याच वेगाने ६४ जीबीच्या कार्डावर पाच ते सहा दिवसांचे चित्रण राहते. कार्ड भरले की जुने चित्रण पुसून त्यावर नवे नोंदले जाते. म्हणून महत्त्वाचा भाग वेळीच उतरवून घ्यावा. जेथे वायफाय नाही तेथे सिमकार्डावर चालणारा कॅमेरा घ्यावा लागतो. वीज गेली की राउटरही बंद पडतो. त्यासाठी लहान बॅटरीची तरतूद हवी. कॅमेऱ्याच्या किमतीबरोबर कार्ड, बॅटरी व मासिक शुल्क धरल्यावरच खरा खर्च कळतो.

तिसरी बाब सुरक्षिततेची. २०१६ मध्ये ‘मिराई’ या घातक संगणक-प्रणालीने जगभरातील असंख्य कॅमेरे ताब्यात घेतले. कारखान्यातून आलेला पासवर्ड मालकांनी बदललेला नव्हता, हे त्याचे मुख्य कारण. या धोक्याची दखल घेऊन केंद्र शासनाने एप्रिल २०२४ मध्ये कॅमेऱ्यांसाठी सुरक्षा-निकष अधिसूचित केले व एप्रिल २०२५ पासून ते लागू झाले. त्यामुळे खरेदीच्या वेळी भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी पाहावी, पक्की पावती घ्यावी आणि पहिल्याच दिवशी पासवर्ड बदलावा. कॅमेरा बसविणाऱ्याच्या फोनवर खाते ठेवू नये.

शेवटची बाब माणुसकीची. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. हा हक्क शेजाऱ्याला आहे, तसाच घरातील आजीलाही आहे. कॅमेऱ्याचा रोख आपल्या दारावर असावा, शेजाऱ्याच्या अंगणावर नव्हे. न्हाणीघर व निजण्याची खोली वर्ज्य समजावी. वडीलधाऱ्यांना विचारल्याशिवाय घरात कॅमेरा लावू नये आणि तो बंद कसा करावयाचा, हे त्यांना दाखवून द्यावे.

कॅमेरा पाहतो, धावून जात नाही. शंभर कोसांवरच्या मुलाला सूचना मिळाली तरी दार ठोठावणारा हात शेजाऱ्याचाच असतो. यास्तव फोनमध्ये ११२ या आपत्कालीन क्रमांकाबरोबर दोन शेजाऱ्यांचे क्रमांक असावेत. पासवर्ड बदलण्याची व पावती तपासण्याची माहिती शिक्षकांनी पालकसभेत आणि पंचायत सदस्यांनी ग्रामसभेत दिली, तर कष्टाचा पैसा वाया जाणार नाही आणि वस्तीवरची म्हातारी माणसे अधिक निर्धास्त झोपतील.