आवाज शेजाऱ्याचा की भिंतीचा?

(नव्या इमारतीतील रहिवाशांच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



रौप्यमहोत्सवानिमित्त प्रत्येकाने काहीतरी उपयोगाचं बोलावं, असं सचिवांनी सुचवलं. कोणी पाणी घेतलं, कोणी झाडं, कोणी सोलर. मी आवाज हा विषय मागून घेतला. कारण या विषयात मला एक कबुली द्यायची आहे.

पहिली तेवीस वर्षं आपण इथे बैठ्या घरांत राहिलो. नऊ इंची विटांच्या भिंती, मधे आंगण, मग कुंपण. शेजाऱ्याचं भांडण ऐकायचं तर कुंपणापर्यंत जावं लागायचं! पोरं पुण्याला गेली, आंगण झाडणं होईना, म्हणून दोन वर्षांपूर्वी आम्ही दोघं नव्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर आलो. पहिल्याच आठवड्यात कळलं की शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या मोजून आपलं वरण उतरवता येतं. शेजारी कोणती मालिका पाहतात, हे सौ.ला टीव्ही न लावता समजायचं. इथवर हसण्यावारी गेलं.

पण रोज रात्री दीड-दोनच्या सुमारास डोक्यावर ठक्, ठक्, ठक्. थोडं थांबून पुन्हा ठक्, ठक्. मी झाडूच्या दांड्याने छत ठोकून पाहिलं. मग समितीकडे लेखी तक्रार दिली. त्यात "मुद्दाम" हा शब्द मी वापरला होता. सचिवांकडे तो कागद अजून असेल. मी बत्तीस वर्षं ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवलं, त्यात ध्वनी हे प्रकरण आलंच. तरी माणसावर आरोप करण्याआधी आवाज येतो कसा, हे तपासावं असं मला सुचलं नाही.

तक्रारीनंतर ठकठक बंद झाली. मला वाटलं, जिंकलो. संक्रांतीला सौ. हळदी-कुंकवाला वर गेली, तेव्हा खरं काय ते कळलं. वरच्या आजी वॉकर घेऊन रात्री बाथरूमला जात. वॉकरच्या पायांची रबरी टोपणं झिजली होती, लोखंड थेट टाइल्सवर आपटत होतं. आजी सौ.ला म्हणाल्या, "सरची झोप मोडते म्हने. म्हनून रात्री मी ते नाही नेत, भिंत धरूनच जातो." ब्याऐंशी वर्षांची बाई अंधारात भिंत धरून चालत होती, माझ्या एका अर्जामुळे. त्या रात्री ठकठक नव्हती, तरी मला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी मेडिकलमधून चार रबरी टोपणं आणली, वर गेलो, आजींच्या पाया पडलो. त्यांच्या मुलाने खोलीपासून बाथरूमपर्यंत न घसरणारी रबरी चटई पक्की बसवली. आवाज जवळजवळ गेला. मग म्हटलं, आता तरी शिकवलेलं वापरू.

आवाज घरात दोन वाटांनी येतो. एक हवेतून: बोलणं, टीव्ही, भजन. दुसरा ठोक्याचा: खुर्ची सरकवणं, खलबत्ता, वॉकर. दोघांवरचे उपाय वेगळे आहेत, आणि आपण नेमकी तिथेच गल्लत करतो.

हवेतल्या आवाजाला अडवतं ते वजन. दोन्ही बाजूंनी प्लास्टर केलेली नऊ इंची विटांची भिंत साधारण ५० डेसिबल आवाज अडवते, साडेचार इंची साधारण ४५. भिंतीचं वजन दुप्पट केलं की पाच-सहा डेसिबलचा फायदा, आणि दहा डेसिबल कमी झाले की कानाला आवाज निम्मा वाटतो. आपल्या इमारतीत एएसी ब्लॉक आहेत. ते विटेच्या साधारण एक तृतीयांश वजनाचे. उन्हाळ्यात घर कमी तापतं, पायावरचा भार कमी होतो, हे त्यांचे गुण. पण चार इंची हलकी भिंत दोन घरांच्या मधे घातली की आवाजाला ती थोडीच अडवणार?

माझं गावाकडचं घर मातीचं होतं, हातभर जाड भिंती आणि वर कवेलू. भिंतीतून काही येत नसे, पण कवेलूंच्या फटींतून सगळं यायचं. मुद्दा तोच आहे: फट. भिंतीच्या क्षेत्रफळाच्या शंभराव्या भागाएवढी जागा उघडी राहिली, तर भिंत कितीही जाड असो, अडवणूक २० डेसिबलच्या पुढे जात नाही. सेवाग्रामला गेलात तर पाहा. १९३६ साली गांधीजी तिथे राहायला आले, तेव्हापासूनच्या त्या मातीच्या कुट्या. तिथली शांतता नुसती भिंतींची नाही, दोन कुट्यांमधल्या मोकळ्या जागेचीही आहे. फ्लॅटमध्ये ती जागा आपल्याला मिळत नाही. म्हणून भिंत आणि फट, दोन्ही सांभाळावी लागतात.

मी घरात उदबत्ती घेऊन फिरलो. पंखे बंद करून धूर कुठे ओढला जातो ते पाहायचं. तीन जागा सापडल्या. भिंत जिथे बीमला भिडते तिथे वरच्या कडेला मसाला भरलाच नव्हता, नुसतं प्लास्टर ओढलेलं आणि तेही तडकलेलं. दोन घरांचे स्विचबोर्ड पाठीला पाठ लावून बसवलेले, मधे पोकळी. आणि मुख्य दाराखाली बोटभर फट. पहिल्या जागी गवंड्याकडून मसाला दाबून भरून घेतला. बोर्डाच्या मागची पोकळी इलेक्ट्रिशियनकडून मेन स्विच बंद करून बुजवली. दाराला रबरी पट्टी लावली. खर्च दोन हजारांच्या आत, आणि शेजारच्या मालिकेतले संवाद कळेनासे झाले. सौ. थोडी नाराज आहे.

आता फसवे उपाय. थर्माकोल, अंड्यांचे ट्रे, भिंतीला चिकटवायचा फोम. याने खोलीतला घुमारा कमी होतो, पलीकडचा आवाज अडत नाही, कारण यात वजनच नाही. नवं घर रिकामं असतं म्हणून घुमतं. पडदे, गाद्या, पुस्तकांचं कपाट आलं की ते आपोआप कमी होतं. ज्यांना फारच त्रास आहे त्यांनी जुन्या भिंतीला न टेकणारी वेगळी फ्रेम उभी करून, आत रॉकवूल भरून, वर जिप्सम बोर्डाचे दोन थर लावावेत. तीन-चार इंच जागा जाते, खर्चही होतो, पण फरक पडतो.

ठोक्याचा आवाज मात्र खालच्याने छत सजवून फारसा जात नाही. तो स्लॅब, बीम, कॉलममधून पसरतो. म्हणून कधी कधी डोक्यावर वाटणारा आवाज भलत्याच घरातला असतो! त्याला उगमापाशीच थांबवावं लागतं. खुर्च्या-टेबलांच्या पायांना रबर, मिक्सरखाली जाड रबरी मॅट, खलबत्त्याखाली दुमडलेलं गोणपाट.

आणि आपला वर्धेचा उन्हाळा! एप्रिल ते जून खिडकी बंद ठेवा असं कोण सांगेल? खिडकीतला कूलर म्हणजे भिंतीला पाडलेलं मोठं भोकच. शिवाय ग्रिलला टेकलेला कूलर अख्खी ग्रिल थरथरवतो. कूलर स्टँडवर ठेवा, पायांखाली रबर द्या, ग्रिलपासून दोन बोटं दूर ठेवा, बेअरिंग वाजत असेल तर मार्चमध्येच बदला. गच्चीवरच्या पंपाखाली रबरी पॅड टाकायचा ठराव समितीने आजच घ्यावा, ही विनंती.

कायद्याचंही थोडं सांगतो. आपली संस्था नोंदली गेली त्याच वर्षी, २००० साली, ध्वनिप्रदूषण नियम आले. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. ते लाऊडस्पीकर आणि डीजेसाठी कामाचे. आजीच्या वॉकरवर ते लावू नका. पण भिंतीवरचा मसाला न भरणं हे कारागिरीतलं उणं आहे. २०१६ च्या रेरा कायद्यानुसार ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत असा दोष लेखी कळवला तर विकासकाने तीस दिवसांत, पैसे न घेता तो दुरुस्त करायचा असतो. आपली दोनच वर्षं झाली आहेत. सोळा घरांनी सोळा भांडणं करण्यापेक्षा सोळा घरांची उदबत्तीने पाहणी करून एकच पत्र देऊ. मी यादी करायला तयार आहे.

उरलेल्या प्लॉटवर दुसरी इमारत होणार आहे. तिच्या करारात आधीच लिहून घ्या: दोन घरांमधली भिंत नऊ इंची विटांची किंवा तेवढ्या वजनाची, थेट बीमपर्यंत मसाला भरून, स्विचबोर्ड समोरासमोर नकोत, टाइल्सच्या बेडखाली रबराचा थर, कोणाच्या बेडरूमला लागून पंप किंवा लिफ्टचं मशीन नको. राष्ट्रीय बांधकाम संहितेत आवाजासाठी स्वतंत्र विभाग आहे, आर्किटेक्टला तो दाखवायला सांगा. प्लास्टरच्या आधी हे स्वस्त पडतं, नंतर महाग.

शेवटी एकच मागणं. आवाजाची तक्रार समितीकडे येईल, तेव्हा समितीने अर्जदाराला आधी विचारावं: "वर जाऊन आलात का?" मी गेलो नव्हतो. आजी आज इथे पहिल्या रांगेत बसल्या आहेत, वॉकर घेऊन. आजी, रात्री आता तो ठकठक वाजला की मला कळतं, तुम्ही नीट आहात. मग मी कूस बदलून झोपतो.