फिरस्ता रक्षक



हिंगणघाट, आर्वी, पुलगांव या आपल्या वर्धा जिल्ह्याच्या गांवांतील जुनीं माणसें ज्यास हुतुतू म्हणत आलीं, त्या कबड्डीच्या खेळांतील एका कारागिराविषयीं आज मला बोलावयाचें आहे. चढाई करून गुण लुटणाऱ्या वीराचें नांव सर्वांच्या तोंडीं असतें. मी बोलणार आहें तो त्यास पकडणाऱ्या रक्षकाविषयीं. आणि त्यांतहि, दर दोनतीन वर्षांनीं संघ बदलीत आपला चरितार्थ चालविणाऱ्या रक्षकाविषयीं.

अशा माणसास इंग्रजींत 'जर्नीमन' म्हणतात. या शब्दाचें मूळ प्रवासांत नाहीं. एका दिवसाचें काम या अर्थाच्या फ्रेंच शब्दांत तें आहे. शिकून तयार झालेला, परंतु स्वतःचें दुकान नसल्यामुळें रोजावर काम करणारा कारागीर, हा त्याचा मूळचा अर्थ. कॅनडा व अमेरिका या देशांत बर्फावरील हॉकी खेळून पोट भरणाऱ्या, आज एका शहरीं तर उद्यां दुसऱ्या शहरीं राहणाऱ्या खेळाडूस हा शब्द सर्रास लावतात.

आपल्याकडे असा कारागीर अलीकडे निर्माण झाला. आपल्या शेजारच्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानें १९३६ सालीं बर्लिन येथें कबड्डी जगास दाखविली. १९९० सालीं ती आशियाई खेळांत आली. तथापि खेळाडूचें पोट रेल्वे, पोलीस, बँक अशा एखाद्या नोकरीवर चाले. खेळ नोकरी मिळवून देई. खेळ हीच नोकरी नव्हती. २६ जुलै २०१४ रोजीं प्रो कबड्डी लीग सुरू झाली आणि ही स्थिति पालटली.

महाराष्ट्राच्या गिरीश मारुती एर्नाक या डाव्या कोपरारक्षकाचेंच उदाहरण घ्या. २०१७ ते २०१९ तो पुणेरी पलटणकडे होता, २०१८ सालीं त्या संघाचा कर्णधारहि होता. २०२० सालीं महामारीमुळें स्पर्धाच झाली नाहीं. पुढील हंगामांत तो गुजरातकडे गेला, २०२२ सालीं बंगालकडे, आणि २०२३ च्या हंगामांत यू मुंबाकडे. चार हंगामांत चार गणवेश! मध्यंतरीं २०१८ च्या जानेवारींत हैदराबाद येथें सेनादलास ३४–२९ असें नमवून राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकणाऱ्या महाराष्ट्राच्या संघांत तो होता. त्याच वर्षीं जाकार्ता येथें इराणकडून १८–२७ असा हरून भारताच्या पुरुषांनीं आशियाई सुवर्णपदक प्रथमच गमावलें. त्या संघांतहि तो होता. यश आणि अपयश यांचें असें लागोपाठ दर्शन घडल्यावरहि पुढच्या हंगामास पुन्हां कोपऱ्यांत उभें राहणें, हाच या व्यवसायाचा धर्म.

आतां या कोपऱ्यांतील कामाची अडचण पाहूं. चढाई करणारा निदानरेषा ओलांडून आंत येतो. कोपरारक्षकानें त्याचा घोटा धरावयाचा. पण क्षणभर आधीं झेप घेतली तर गुण जातो, क्षणभर उशीर झाला तर तो निसटतो. शिवाय घोटा धरून भागत नाहीं. शेजारचा मध्यरक्षक त्याच क्षणीं धांवला नाहीं, तर चढाईपटू धरणाऱ्यालाच ओढीत मध्यरेषेपर्यंत नेतो, आणि त्यास जितके बिलगले असतील तितके सारे बाद होतात. म्हणून रक्षकाचें कसब अर्धें त्याच्या हातांत व अर्धें शेजाऱ्याच्या हातांत असतें. मैदानावर तीन किंवा त्याहून कमी गडी उरले असतां केलेल्या अव्वल पकडीस दोन गुण मिळतात. परंतु तेथें तर एकाचीहि चूक लोण ओढवून घेऊं शकते.

मग दर हंगामीं ज्याचा शेजारी बदलतो, त्यानें काय करावें? साखळींतील नव्या हाताचा दाब, नव्या डोळ्यांची खूण, नव्या सोबत्याची भीति हें सर्व थोड्या आठवड्यांत शिकावें लागतें. गेल्या वर्षीं ज्याच्या खांद्याला खांदा लावला, त्याचाच घोटा यंदा धरावा लागतो. अशा माणसास निष्ठा नसते असें कोणी म्हणतात. मला तें पटत नाहीं. त्याची निष्ठा शेजारच्या गड्याशीं असते, आणि ती त्यास प्रत्येक वर्षीं नव्यानें सिद्ध करावी लागते.

त्याच्या जीविताची दुसरी बाजू लिलावाची. हिंगणघाटच्या बाजारांत कापसाची प्रत पाहून बोली होते, हें आपण जाणतां. येथें माणसांच्या प्रती लावतात. २०२३ च्या लिलावांत अ, ब, क व ड या वर्गांच्या मूळ किंमती अनुक्रमें ३०, २०, १३ व ९ लाख रुपये होत्या. पवन सेहरावत या चढाईपटूस मात्र २ कोटी ६० लाख ५० हजार मिळाले. नऊ लाख ही रक्कम लहान नव्हे; परंतु ती एका हंगामाची असते. गुडघा दुखावला, बोली लागली नाहीं, तर पुढील वर्षाची शाश्वति कोणी देत नाहीं.

आपल्या जिल्ह्यांतील एखादा मुलगा या मार्गास जाऊं म्हणाला, तर वडिलांनीं त्यास हंसूं नये, आणि केवळ कोटींचे आंकडेहि दाखवूं नयेत. त्याचें शिक्षण पुरें होऊं द्यावें, नोकरीचें दार उघडें ठेवावें, आणि त्यास विचारावें: नांव दुसऱ्याचें होत असतां, अनोळखी सोबत्याचा हात घट्ट धरून उभें राहण्याची तुझी तयारी आहे काय? तो मनापासून होय म्हणाला, तर त्यास खुशाल मैदानावर जाऊं द्यावें.