गळाला लागलेला मासा

सॉफ्टवेअरवर बोल म्हणालात, पण सुट्टीत अमरावतीला आले की मी बाबांसोबत सिंभोऱ्याच्या धरणावर गळ टाकते. मच्छीमार संस्थेला विचारूनच, बरं का! तेव्हा त्यावरच बोलते.

ऑफिसातले काही हौशी लोक मासा पकडतात, फोटो काढतात आणि सोडतात. बाबांना हा पोरखेळ वाटतो. खायचा नाही तर त्याच्या तोंडात गळ कशाला? फोटोपुरता उन्हात तडफडवलेला मासा सोडण्यात मलाही पुण्य दिसत नाही, तो शिजवावा.

पण रोहू-कटला साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत, पावसाळ्यात नदीच्या वाहत्या पाण्यात चढतात. १९५७ मध्ये हिरालाल चौधरींनी ओडिशात इंजेक्शन देऊन त्यांच्यासारख्या माशांची वीण करून दाखवली, तेव्हा कुठे तळ्यांसाठी बीज तयार करता येऊ लागलं. म्हणून आषाढात पोट फुगलेली मादी मी ओल्या हाताने लगेच सोडते. सायप्रिनस बाहेरून आणलेला, साचल्या पाण्यातही वाढतो, गाळ उकरतो. तो थेट कढईत.

“आषाढातलाच तर चवदार!” बाबा दरवर्षी भांडतात. गेल्या वर्षी मात्र रोहूची भरलेली मादी त्यांच्याच गळाला लागली. काही न बोलता त्यांनी ती पाण्यात ठेवली. रात्री आईने झुणका केला.