मुलगी आधी वाढते, मग मागे का पडते?

(विहाराच्या वर्धापनदिनी पालक मेळाव्यात केलेले भाषण)



मी पेशाने शिक्षक. दर जूनला वर्गातल्या मुलांची उंची मोजायचो. सहावी-सातवीत गंमत दिसायची. बऱ्याच मुली उंच, मुलगे बुटके. पोरं हिरमुसायची, पोरी पोक काढून चालायच्या. खरं तर यात लाजण्यासारखं काही नाही. मुलींमध्ये वयात येण्याची सुरुवात साधारण ८ ते १३ वर्षांच्या दरम्यान होते, मुलग्यांमध्ये ९ ते १४. उंचीची झेप मुली सुमारे दोन वर्षे आधी घेतात. हा निसर्गाने केलेला भेद.

दुसरा भेद आपण करतो. मुलीला पाळी आली की खेळणं बंद. "आता मोठी झालीस" म्हणत हातात झाडू, कडेवर धाकटं भावंड. भाऊ मात्र मैदानावर. वर आपणच म्हणतो, मुलींना खेळाची आवड नसते! मुलगा रडला की, "बायकांसारखा काय रडतोस?" त्याचा आवाज फुटतो, मिसरूड फुटते, मनात गोंधळ होतो. विचारायचं कुणाला? बाप बोलत नाही, आई लाजते. मग आतलं दुःख रागाने बाहेर पडतं, आणि आपण म्हणतो, मुलगे जात्याच आडदांड!

तिसरा भेद ताटातला. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींना रक्तक्षय आढळला, मुलग्यांत ३१ टक्के. पाळीत रक्त जाते, म्हणून मुलीला लोह अधिक लागते. आणि घरात शेवटी जेवते तीच.

एकदा प्रार्थनेला उभी असलेली मुलगी चक्कर येऊन पडली. तिची आई म्हणाली, "गुरुजी, पोरीची जात, चालायचंच." मी काहीच बोललो नाही. कारण माझ्याही घरी मटणाचे तुकडे मुलाला आणि रस्सा मुलीला, हे मी रोज बघत होतो. त्या रात्री पहिल्यांदा मी माझ्या ताटातलं तिला वाढलं. ती म्हणाली, "बाबा, आज काय आहे?" मला मान वर करवेना.

बाबासाहेबांनी १९४२ साली नागपूरच्या महिला परिषदेत मुलांच्या लग्नाची घाई करू नका असे बजावले. मुलगी अंगाने भरली म्हणजे संसाराला तयार झाली, असे नव्हे.

म्हणून विनंती एवढीच. ताट सारखं वाढा, घरकाम दोघांत वाटा, संध्याकाळी दोघांनाही खेळायला सोडा आणि वयात येताना दोघांशीही बोला. निसर्गाचा भेद राहील. आपला मिटवता येईल.

जयभीम.