कायम ठेवीचे विद्यादान
(जीर्णोद्धार सोहळ्यानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



देवळातला नंदादीप कसा चालतो हे आपणां सर्वांस ठाऊक आहे. कोणी एक भाविक रक्कम देतो, ती देवस्थानाच्या नावे कायम ठेवीत राहते, मुद्दलाला कोणी हात लावीत नाही आणि व्याजातून तेलवात होते. देणारा जातो, त्याची मुलेबाळे पोटापाण्यासाठी मुंबई-पुण्यास जातात, पण गाभाऱ्यातला दिवा लागतो. विद्यापीठातल्या शिष्यवृत्त्यांचा हिशेबही असाच असतो. तेथे तेलाच्या जागी एखाद्या मुलाची फी, खानावळ आणि पुस्तके येतात, एवढाच फरक.

मुंबईला जाऊन आलेल्यांनी राजाबाई टॉवर पाहिला असेल. तो ज्यांच्या पैशातून उभा राहिला ते प्रेमचंद रायचंद हे मूळ सुरतेकडचे, कापसाचे मोठे व्यापारी. अमेरिकेत १८६१ पासून यादवी युद्ध पेटले, विलायतेच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६५ साली युद्ध संपले. भाव कोसळले, पेढ्या बुडाल्या आणि शेठजींची अफाट दौलतही त्या लाटेत वाहून गेली. परंतु कलकत्ता विद्यापीठाला त्यांनी दोन लक्ष रुपये दिले होते आणि त्यातून १८६६ साली त्यांच्या नावाची शिष्यवृत्ती सुरू झाली होती. घरातले गेले, विद्यापीठाच्या नावे ठेवलेले राहिले. टॉवरला त्यांनी आपल्या आईचे नाव दिले. देणगीदारास नावाची पाटी हवीशी वाटते त्याला काही मंडळी नाके मुरडतात. ते बरोबर नाही. आईचे नाव राहावे असे कोणाला वाटत नाही?

आता बंगालकडे वळू. ढाक्याजवळच्या शेवड़ातली या खेड्यात, जो भाग आज बांगलादेशात आहे, १८९३ साली एका लहानशा किराणा दुकानदाराच्या घरी मेघनाद साहा जन्मले. आठ भावंडे. मुलाने दुकानात बसावे असा वडिलांचा विचार. पुढची शाळा काही कोसांवर. तिथल्या अनंतकुमार दास नावाच्या डॉक्टरांनी मुलाला घरी ठेवून घेतले. मुलाने आपली भांडी आपण घासायची, गाय सांभाळायची आणि शिकायचे. तो जिल्ह्यात पहिला आला आणि त्याला महिना चार रुपये सरकारी शिष्यवृत्ती मिळाली. तागाच्या कारखान्यात काम करणारे थोरले बंधू आपल्या तुटपुंज्या पगारातून पाच रुपये देत आणि जातीच्या समितीकडून दोन रुपये येत. अशा अकरा रुपयांवर ढाक्याचे शिक्षण सुरू झाले. १९०५ साली वंगभंगाच्या चळवळीत गव्हर्नरसाहेबांच्या भेटीवर मुलांनी बहिष्कार घातला, त्यात साहा होते. शाळा सुटली आणि चार रुपयेही गेले. दुसऱ्या एका शाळेने त्यांना सामावून घेतले. पुढे कलकत्त्याच्या वसतिगृहात जातीच्या कारणाने त्यांना पंगतीत वेगळे बसावे लागले. देवळाच्या मांडवात हे सांगताना जीभ अडखळते, पण झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

याच साहांना १९१९ साली प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्ती मिळाली. ती आणि प्रवासासाठीची दुसरी एक देणगीची शिष्यवृत्ती यांच्या बळावर ते विलायतेस व जर्मनीस गेले, तिथल्या प्रयोगशाळा त्यांना पाहता आल्या. १९२० साली त्यांचे सूर्यावरचे संशोधन छापले गेले. ताऱ्याचा प्रकाश लोलकातून गेला की पट्टे आणि रेषा दिसतात. कोणत्या उष्णतेला व दाबाला अणूतले किती इलेक्ट्रॉन सुटे होतात याचे गणित साहांनी मांडले. त्यामुळे त्या रेषांवरून ताऱ्याची उष्णता सांगता येऊ लागली. जगभरचे खगोलशास्त्रज्ञ आजही ते गणित वापरतात. प्रेमचंद शेठ १९०६ सालीच वारले होते. त्यांना साहा ठाऊक नव्हते आणि लोलकाचे शास्त्रही नव्हते. या शिष्यवृत्तीचा मान १८८६ साली आशुतोष मुखर्जी यांना मिळाला होता. पुढे तेच कुलगुरू झाले आणि साहांसारख्या तरुणांना ज्या विज्ञान महाविद्यालयात जागा मिळाली त्याच्या उभारणीत त्यांचा मोठा हात होता.

आपल्या पंचांगाशीही साहांचा संबंध आहे. सरकारी राजपत्रावर इंग्रजी तारखेबरोबर भारतीय सौर दिनांक असतो. तो ज्या समितीने ठरविला तिचे अध्यक्ष मेघनाद साहा होते. २२ मार्च १९५७ पासून ते पंचांग लागू झाले. साहा त्याआधी वर्षभर, फेब्रुवारी १९५६ मध्ये, निवर्तले होते.

गावात असा निधी करावयाचा तर काही गोष्टी आधीच ध्यानात घ्याव्यात. एक लाख रुपयांवर सात टक्क्यांनी सात हजार व्याज येते. पण महागाई पाच टक्क्यांनी वाढली तर मुद्दलाची किंमत टिकविण्यास पाच हजार त्यातच परत घालावे लागतात. खऱ्या अर्थाने दोनच हजार हाती राहतात. हे ऐकायला कठोर आहे, परंतु जुन्या बक्षिसांची आज जी दशा आहे ती हा हिशेब न केल्यामुळे. तेव्हा निधी लहान असेल तर दहा जणांना पेन-वह्या वाटून फोटो काढण्यापेक्षा एकालाच पुरेसे द्यावे. शास्त्राच्या विद्यार्थ्याला त्याची गरजही अधिक. त्याचे प्रॅक्टिकल दुपारभर चालते, नोकरी सांभाळून शिकणे त्याला जमत नाही. बी.एस्सी. तालुक्याच्या गावी होते, एम.एस्सी.ला शहरात राहावे लागते आणि बरीच हुशार मुले-मुली तिथेच थांबतात. मुलींना तर आधी थांबविले जाते.

अटी फार घालू नयेत. अमुक घराण्यातला, अमुक विषयातच पहिला, अशा अटी वाढल्या की अर्जदार मिळत नाही आणि व्याज पडून राहते.

परतफेडीचीही एक रीत आहे. जमशेटजी टाटांनी १८९२ साली परदेशी उच्च शिक्षणासाठी निधी स्थापन केला, तो कर्जाऊ शिष्यवृत्तीचा. शिकून आलेल्याने रक्कम परत करायची, ती पुढच्याच्या कामी येते. कोल्हापुरास जन्मलेले डॉ. जयंत नारळीकर १९५७ साली केंब्रिजला गेले ते या टाटा शिष्यवृत्तीवर. गावाच्या निधीत सक्तीची परतफेड नको, नोकरी लागल्यावर स्वखुशीने भर घालण्याचा प्रघात मात्र पहिल्या वर्षापासून पाडावा.

रक्कम प्रवेशाच्या वेळी, फी भरण्याआधी हातात पडली पाहिजे. त्यासाठी अर्ज चैत्रातच घ्यावेत. निवड करणाऱ्यांत गावच्या हायस्कुलातले एक शिक्षक आणि बाहेरगावच्या महाविद्यालयातले एक प्राध्यापक असावेत. देणगीदाराचा नातलग असू नये. आणि देवस्थानाचा वार्षिक जमाखर्च वाचला जातो त्या सभेत नंदादीपाच्या खात्यानंतर लगेच हे खाते वाचावे: मुद्दल किती, व्याज किती आले, कोणास दिले आणि तो मुलगा किंवा मुलगी यंदा कोणत्या वर्गात आहे.