मर्यादित म्हणजे किती?
(ग्रामसंघाच्या वार्षिक सभेत आमच्या एका बँक सखीने केलेले भाषण. बोलल्याप्रमाणेच लिहून काढले आहे.)

माझं नाव सभेच्या पत्रिकेत 'मार्गदर्शन' या शब्दाखाली छापलंय. मार्गदर्शन वगैरे काही नाही. आज मी एका शब्दाबद्दल बोलणार आहे, आणि तो शब्द मला फार महागात पडलाय. शब्द आहे 'मर्यादित'.

तालुक्याला जाताना पाट्या वाचत जा. दूध संस्था मर्यादित, पतसंस्था मर्यादित, विविध कार्यकारी सोसायटी मर्यादित. मला आधी वाटायचं, संस्था लहान असेल म्हणून मर्यादित. तसं नाही. संस्था बुडाली तर सभासदाची जबाबदारी त्याच्या शेअरच्या रकमेपुरतीच, असा त्याचा अर्थ. तुमचा शेअर हजार रुपयांचा असेल तर संस्थेच्या देण्यापायी तो हजार जाईल, त्यासाठी घरातली भांडी कोणी उचलून नेणार नाही. पूर्वी असं नव्हतं बरं का. 1904 साली इंग्रजांनी सहकारी पतसंस्थांचा कायदा आणला, तेव्हा खेड्यातल्या संस्थांची जबाबदारी अमर्यादित ठेवली होती. म्हणजे सगळ्यांचं देणं सगळ्यांच्या डोक्यावर.

आता माझी गोष्ट. लग्नाला सहा वर्षं झाली होती. धाकट्या दिरानं एका पतसंस्थेतून चाळीस हजार उचलले. जामीनदार दोन लागत होते, एक त्याचा मित्र, दुसरी मी. संस्थेचं नाव सांगत नाही. तिथले साहेब तोंडी म्हणाले, "वहिनी, दोघं जामीनदार आहेत, म्हणजे तुमची जबाबदारी निम्म्यापुरतीच." बाहेर पाटीवर 'मर्यादित' होतंच! मी सही केली. कागदावर 'संयुक्तपणे व स्वतंत्रपणे' असे दोन शब्द होते, ते मी वाचले, पण कळले नाहीत.

पुढं धंदा बुडाला, दीर पुण्याला गेला, त्याचा मित्रही गाव सोडून गेला. नोटीस आली एकटीच्या माझ्या नावावर, व्याजासकट एकसष्ट हजारांची. मी म्हणाले, निम्मे माझे. वकील हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. म्हणाले, "ताई, करारात वेगळं लिहिलेलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराएवढीच असते. आणि 'स्वतंत्रपणे' म्हणजे दोघांपैकी कोणा एकाकडूनही सगळी रक्कम मागता येते. तुम्हाला 'वीस हजारांपुरतीच' असं लिहून घ्यायला हवं होतं." दुभती म्हैस विकली. बाकीची रक्कम अकरा महिने फेडत होते. सासूबाई त्या वर्षात मला एका शब्दानं बोलल्या नाहीत, त्याचंच जास्त लागलं.

म्हणजे बघा, पाटीवरचा 'मर्यादित' सभासदासाठी होता, जामीनदारासाठी नव्हता. आणि मला वाचवणारा शब्द होता एवढासा: 'पुरती'.

तेव्हापासून मी असले शब्द गोळा करते. आपल्या घरात तर ते पोत्यानं आहेत. पीठ बेताचं आहे, पगार तुटपुंजा आहे, पैसे जेमतेम पुरले, झंपर तोकडा झाला, पाहुणे मोजकेच बोलवा. सगळ्यांत 'कमी' आहे, पण प्रत्येकाची चव निराळी. तुटपुंजं म्हटलं की तक्रार आली. बेताचं म्हटलं की घरच्या बाईनं हिशोब धरलाय हे कळतं. आटोपशीर लग्न म्हटलं तर कौतुकच! कर्जाचा अर्ज भरताना 'उत्पन्न तुटपुंजे' लिहू नका, आकडा लिहा. आकड्याला चव नसते, हेच त्याचं बरं.

कागदावरचे शब्द वेगळे. त्यातले तीन सारखे दिसतात आणि घोटाळा करतात. 'प्रतिबंधित' म्हणजे बंदच. गुटखा राज्यात 2012 पासून प्रतिबंधित आहे. (विकला जातो, ते मलाही दिसतं.) 'निर्बंध' म्हणजे करता येतं, पण अटीवर. सातबारावर 'भोगवटादार वर्ग 2' लिहिलंय का बघा. ती जमीन तुम्ही कसू शकता, पण परवानगीशिवाय विकता येत नाही. विकत घेणारीनं तर आधी तेच बघावं. आणि तिसरा 'बंधनकारक'. त्यात बंधन आहे म्हणून आपल्याला वाटतं, काहीतरी करू नका म्हणतायत. उलट आहे. बंधनकारक म्हणजे केलंच पाहिजे. आमच्या गटात एकीनं 'बैठकीस हजेरी बंधनकारक' वाचून विचारलं होतं, "मग यायचं नाही का?" आम्ही हसलो, पण चूक तिची नव्हती.

'कमाल' आणि 'किमान' सुद्धा. कमाल म्हणजे याच्या वर नाही, किमान म्हणजे याच्या खाली नाही. गटाच्या कॅश क्रेडिटची मर्यादा ही कमाल असते. मर्यादा तीन लाखांची असली तरी तेवढे उचललेच पाहिजेत असं नाही, आणि व्याज उचललेल्या रकमेवरच लागतं. तसंच आपल्या अभियानातल्या गटाला दहा लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण लागत नाही. बँकेत कोणी बचत अडकवून ठेवतो म्हणालं, तर लेखी मागा.

स्लिपवर, चेकवर अक्षरी रकमेच्या पुढं 'फक्त' किंवा 'मात्र' का लिहितो? 'पाच हजार' लिहून पुढं जागा सोडली तर तिथं कोणीही 'पाचशे' घुसडेल. 'फक्त' हे कुंपण आहे. लिहायचंच.

आता जरा वेगळं. 'बाईनं मर्यादेत राहावं' हे आपण किती वेळा ऐकलंय! पण कायद्यात हा शब्द बाईला खरोखरच लावलेला होता. 1937 च्या कायद्यानं हिंदू विधवेला नवऱ्याच्या मिळकतीत वाटा दिला, पण तो मर्यादित हक्काचा. खा, राबा, पण सहसा विकता येत नव्हतं, आणि तिच्या माघारी जमीन नवऱ्याच्या वारसांकडे. 1956 च्या हिंदू वारसा कायद्याच्या कलम 14 नं ते बदललं. बाईच्या हातातल्या मिळकतीची ती मर्यादित नव्हे, पूर्ण मालक झाली. कायद्यात 'मर्यादित मालक नव्हे' असं मुद्दाम घातलंय.

पण त्याच कलमात एक खिडकी उघडी आहे. मृत्युपत्रात किंवा बक्षीसपत्रात हक्क मुळातच आखडून दिला असेल, तर तो तेवढाच राहू शकतो. म्हणून घरात असा कागद होत असेल तर 'हयातीपुरता', 'उपभोगापुरता' हे शब्द शोधा. जामिनाच्या कागदात 'पुरती' हवं असतं, इथं तोच शब्द तुमची जमीन नेतो. असा शब्द सापडला तर सही करण्याआधी तालुका विधी सेवा समितीत जा. बाईला तिथं वकील फुकट मिळतो, उत्पन्नाचा दाखला लागत नाही.

येत्या मासिक बैठकीला प्रत्येकीनं घरातला एक कागद आणायचा. कर्जाचा, जमिनीचा, विम्याचा, कसलाही. झेरॉक्स आणा, मूळ कागद आणू नका. आपण मोठ्यानं वाचू, आणि अडेल तिथं खाली रेघ मारू. चष्मा असेल त्यांनी चष्मा आणा. मी माझा तो जामिनाचा कागद आणते, अजून जपून ठेवलाय.